अपरिग्रह आणि खेळातील साठा
पतंजलींच्या योगसूत्रांतील पाच यमांपैकी शेवटचा अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे साठा न करणे, हा मनाचा निश्चय आहे. म्हणूनच ‘माइनक्राफ्ट’सारख्या अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळात खेळाडूजवळच्या सामानाला 36च कप्पे असतात, एवढ्याने तो अपरिग्रही ठरत नाही, कारण उरलेला माल तो पेट्यांत भरून ठेवतोच. याउलट, मालवण किनाऱ्यावरच्या रापणीत, म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडून दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे ओढायच्या मोठ्या जाळ्यात, आलेली मासळी सर्वांच्या डोळ्यांदेखत वाळूवर पडते आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा तिच्यात वाटा असतो. अपरिग्रहाची खरी शिकवण कप्प्यांच्या मोजणीपेक्षा या उघड्या वाटणीत अधिक आहे. खेळ घडवणाऱ्यांनी कप्पे वाढवण्याआधी सर्वांना दिसणारा सामाईक साठा आणि त्यातील प्रत्येकाचा वाटा यांची सोय करावी.