जक्कयाची परतफेड आणि बांबूचे बेट



नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळतो व त्याची राख पाण्याबरोबर मोठाल्या तलावांत साठविली जाते. 2022 च्या जुलैत अतिवृष्टीने खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटला आणि ती राख शेतांत व नाल्यांत शिरली. राखेत नत्र व कुजलेला पालापाचोळा जवळजवळ नसतो. तरीही नागपुरातील ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी राखेच्या ढिगावर बांबू वाढवून दाखविला आहे. बांबू हे जातीने गवतच. त्याची मुळे माती धरून ठेवतात, कोंब एका पावसाळ्यात पुरी उंची गाठतो, आणि पक्व काठ्या तोडल्या तरी बेट मरत नाही. शिवाय तो हवेतील कर्ब आपल्या अंगात घेतो.

ह्यावरून असे बोलले जाते की, धूर सोडणाऱ्याने कोठेतरी बांबू लावावयास पैसा दिला म्हणजे त्याचा हिशेब फिटला. खरेच फिटतो काय? लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातील जक्कय पाहा. त्याने गरिबांस अर्धे धन दिले, पण तेवढ्यावर सुटका मानली नाही; ज्याचे लुबाडले त्यालाच चौपट परत करण्याचे कबूल केले. (चौपट देणाऱ्यास पुढे लबाडी परवडत नाही, हे व्यवहारी माणसास सहज कळेल.) कोळशातील कर्ब कोट्यवधी वर्षे भूमीत पुरलेला होता. बांबूतील कर्ब बांबू टिकेल तोवरच टिकतो. मानवेल कित्येक वर्षांनी एकदा फुलतो आणि मरतो.

म्हणून बांबू लावूच नये असे माझे म्हणणे नाही. लावावा; परंतु तो कोणाच्या हाती जातो हे पाहावे. 1927 च्या वनकायद्याने बांबूस ‘झाड’ ठरविले होते. वनाबाहेरील बांबूपुरते ते बंधन 2017 साली उठले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी आपला बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना 27 एप्रिल 2011 रोजी हाती पडला. राखेशेजारच्या गावाला काठी मिळाली, बुरुडाच्या घरी सुपे-टोपल्यांचे काम आले, तर ती जक्कयाची परतफेड होय. दूरच्या धन्याला निर्दोषपणाचा दाखला आणि गावाला नुसते कुंपण, ही मात्र नव्हे.

कोणी रोपे घेऊन आपल्या गावी आला तर त्याचे स्वागत करा, पण अंगठा देण्यापूर्वी कागद वाचून घ्या. काठी कोण तोडणार, पैसा कोणाच्या नावे जमा होणार, आणि ‘पडीक’ म्हणून लिहिलेले गायरान बंद झाल्यास विधवेच्या शेळ्या कोठे चरणार, हे त्यात लिहिले आहे काय ते पाहा.