टाचणी, ओढणी आणि विनय

लंडन येथे थेम्स नदीच्या काठी झालेल्या उत्खननांत मध्ययुगीन टाचण्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. तांब्याच्या मिश्रधातूची बारीक तार ओढावी, तिचे एक टोक घासून अणकुचीदार करावे आणि दुसऱ्या टोकाला तारेचेच वेढे देऊन डोके बसवावे, अशी त्यांतील अनेकींची घडण होती. त्या काळी युरोपातील विवाहित स्त्रीचे मस्तक वस्त्राने झाकलेले असे. एक पट्टी हनुवटीखालून वर नेत, दुसरी कपाळाभोवती बांधत आणि त्यांवर तलम ओढणी घालत. हे सारे जागच्या जागी राही ते टाचण्यांच्या आधारावर.

स्त्रीने प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकावे, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिले होते. ओढणी हे विनयाचे चिन्ह मानले गेले ते त्यामुळे. परंतु इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याची कन्या जोन हिच्या विवाहसाहित्यासाठी १३४८ साली राजभांडारातून १२,००० टाचण्या देण्यात आल्या. हा विनय म्हणावा की वैभव? विवाहाचा दिवस मात्र तिला दिसला नाही. त्याच वर्षी, वराकडे जाताना वाटेतच, बोर्दोनजीक प्लेगने तिचा अंत झाला.

पुढे पंधराव्या शतकात शिरोवस्त्रे उंच होत गेली. साध्या गृहिणीचा रुमाल आणि श्रीमंतिणीचा मनोरा यांना आधार टाचणीचाच होता. १४२८ च्या सुमारास कार्मेल संघाचा संन्यासी थॉमस कोनेक्त याने फ्लँडर्स प्रांतात या मनोऱ्यांविरुद्ध प्रवचने केली. अशी स्त्री दिसताच तिची टर उडवण्यास त्याने मुलांना चिथावले. स्त्रियांनी मनोरे उतरवले आणि त्याची पाठ फिरताच पुन्हा चढवले. आम्हा प्रवचनकारांनी येथे थोडे थांबावे. दुसऱ्याची बहीण, दुसऱ्याची माता भररस्त्यात अपमानित करण्याचा धडा मुलांना देणे, हे त्या मनोऱ्यापेक्षा लहान पाप म्हणावे काय?

चित्रकार रोजिएर व्हान डेर वेडन याने १४६० च्या सुमारास रंगवलेले एका तरुणीचे चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. नजर खाली, हात एकमेकांवर ठेवलेले, डोक्यावर पारदर्शक ओढणी. त्या ओढणीतील टाचण्याही त्याने रंगवल्या आहेत. ती ओढणी झाकतेही आणि दाखवतेही. तिच्या अंतःकरणात काय होते, हे त्या ओढणीवरून कोण सांगू शकेल?

चर्चमध्ये स्त्रियांनी मस्तक झाकावे, असा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत होता. १९८३ च्या संहितेत तो नाही. तरी डोक्यावर पदर न घेतलेली मुलगी मिस्सेला आली की कोणी वयस्कर बाई भुवया उंचावतात आणि त्यांचा डोक्यावरचा पदर पाहून तरुणी गालात हसतात. दोघी एकमेकींना वस्त्रावरूनच तोलतात, आणि वेदीकडचे लक्ष दोघींचेही उडते.

पदर घेण्यात भक्ती असू शकते, न घेण्यातही असू शकते. वस्त्राला म्हणूनच अर्थ नाही असे आम्ही म्हणत नाही. आपण परमेश्वरासमोर उभे आहोत, याची ते स्वतःला आठवण करून देते. पण ती आठवण ज्याची त्याने स्वतःसाठी ठेवायची असते. शेजारच्या बाकावरील बहिणीकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, तेथेच आपला विनय कसाला लागतो.