मत नसलेली खुर्ची

ठराव मताला आला की आमच्या टेबलाभोवती अकरा हात वर होतात. बारावी व्यक्ती समोरच्या कागदांवर हात ठेवून बसून राहते. तिला बैठकीचे सगळे कागद आठवडाभर आधी मिळालेले असतात, चर्चेत ती बोललेली असते, कधी कधी ठरावाचे शब्दसुद्धा तिच्याच प्रश्नामुळे बदललेले असतात. पण मत तिला नाही. मे महिना संपला की ती खुर्चीही तिची नाही. अमेरिकेत या बाराव्या व्यक्तीला 'बोर्ड फेलो' म्हणतात.

मी गेली बरीच वर्षे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या काठाला राहते. पेशाने हिशेबनीस. इथल्या एका लहान संस्थेची मी खजिनदार आहे. गरजू कुटुंबांना दर आठवड्याला शिधा देणे हे संस्थेचे काम. आमच्याकडे दर वर्षी व्यवस्थापनशास्त्राची एक विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी येतो आणि विश्वस्त मंडळात बसतो. स्टॅनफर्ड, बर्कलेचे हास, नॉर्थवेस्टर्नचे केलॉग अशा नावाजलेल्या विद्यालयांत ही प्रथा रुजलेली आहे. १९९३ साली व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनीच उभ्या केलेल्या 'नेट इम्पॅक्ट' या संघटनेनेही ती आणखी कितीतरी विद्यापीठांत नेली. रीत साधारण सारखीच. विद्यार्थी अर्ज करतात, संस्था अर्ज करतात, जोड्या लावल्या जातात. एक जुना विश्वस्त विद्यार्थ्याचा मार्गदर्शक होतो. शैक्षणिक वर्षभर विद्यार्थ्याने बैठकांना यायचे, एखाद्या समितीत काम करायचे आणि मंडळाला उपयोगी पडेल असा एक प्रकल्प पुरा करायचा.

वरवर पाहता ही उमेदवारीच. पण कारखान्यात किंवा बँकेत उमेदवारी करणारा काम शिकतो. इथे शिकायची आहे ती जबाबदारी, आणि तीही आपल्या मालकीच्या नसलेल्या गोष्टीची.

धर्मादाय संस्थेला मालक नसतो. अमेरिकेत आयकराच्या '५०१ सी ३' कलमाखाली नोंदलेल्या संस्था सुमारे पंधरा लाख आहेत आणि त्यांतल्या एकीलाही भागधारक नाहीत. नफा वाटून घेणारा कोणी नाही, म्हणून नुकसान झाल्यावर ओरडणाराही कोणी नाही. त्या रिकाम्या जागेवर कायद्याने विश्वस्त मंडळ बसवले. त्याच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवली: काळजी, निष्ठा आणि संस्थेच्या उद्दिष्टाशी इमान. शब्द सोपे आहेत. पण काळजी म्हणजे बैठकीला हजर राहणे, की कागद वाचणे, की वाचून न कळलेले विचारणे? हे कुठे शिकवतात? डॉक्टर व्हायला परीक्षा आहे, ट्रक चालवायला परवाना आहे. रुग्णालयाच्या विश्वस्ताला मात्र कोणी निवडून दिले, एवढे पुरते.

ते पुरत नाही हे १९७४ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयात दिसले. सिबली रुग्णालयाच्या रुग्णांनी विश्वस्तांवर दावा लावला होता. संस्थेची मोठी रक्कम व्याज न देणाऱ्या किंवा अगदी कमी व्याजाच्या खात्यांत पडून होती आणि ज्या बँकांत ती होती त्यांच्याशी काही विश्वस्तांचे संबंध होते. यापेक्षा मला वेगळीच गोष्ट बोचते. संस्थेच्या नियमांत अर्थ समिती होती, गुंतवणूक समिती होती, आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची एकही बैठक झाली नव्हती. कारभार दोन माणसे पाहत होती. बाकीचे प्रतिष्ठित सद्गृहस्थ सह्या करत होते. कोणी पैसे खिशात घातल्याचे सिद्ध झाले नाही. न्यायाधीश गेझेल यांनी विश्वस्तांना पदावरून काढले नाही, त्यांच्याकडून भरपाईही मागितली नाही. कर्तव्यात कसूर झाली असे मात्र स्पष्ट म्हटले, आणि पुढची काही वर्षे नव्याने येणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हा निकाल वाचलाच पाहिजे असा आदेश दिला. शिक्षा म्हणून वाचन! मला तो आदेश फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या प्रत्येक फेलोला मी तो निकाल पहिल्या आठवड्यात वाचायला देते.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलीनेही तो वाचला होता. सल्लागार कंपनीत चार वर्षे काम करून ती शिकायला परतली होती. आकड्यांवर तिचा हात विलक्षण चालायचा. तिसऱ्याच बैठकीत तिने एक तक्ता मांडला. गुरुवारी संध्याकाळच्या वाटपाचा दर कुटुंबामागचा खर्च इतर दिवसांच्या जवळजवळ दुप्पट होता. ते वाटप बंद करावे आणि वाचलेल्या पैशातून शनिवारी जास्त कुटुंबांना शिधा द्यावा, अशी तिची सूचना. तक्ता बिनचूक होता. दोन-तीन माना डोलल्या. माझीही डोलली, हे लिहायलाच हवे.

तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारले, "वाचलेले पैसे शनिवारी वापरता येतील का?"

नसते आले. गुरुवारचा खर्च एका देणगीदार प्रतिष्ठानच्या अनुदानातून चालत होता आणि ते अनुदान दिवसा कामावर असणाऱ्या कुटुंबांसाठी, फक्त संध्याकाळच्या वाटपाला बांधलेले होते. वाटप बंद केले असते तर पैसे वाचले नसते, परत गेले असते. अशा पैशाला इथे 'बांधील निधी' या अर्थाचा शब्द आहे. ताळेबंदात तो आपल्या नावावर दिसतो, पण त्याला हात लावायचा तो देणाऱ्याने सांगितलेल्या कामासाठीच. त्या मुलीचा चेहरा उतरला. नंतर तिला घरी सोडताना गाडीत मी तिला सांगितले की चुकलीस ती एकटी नाहीस. त्या अटीची आठवण अकरांपैकी चौघांनाच होती आणि खजिनदार असूनही मी त्या चौघांत नव्हते. अनुदानाचे पत्र तीन वर्षांपूर्वीचे, फायलीत लागलेले. तिने चुकीचा प्रस्ताव मांडला नसता तर आमचे अज्ञान आम्हाला कळलेच नसते. त्यानंतर प्रत्येक बांधील अनुदानाची अट एका ओळीत लिहिलेला एक कागद आम्ही दर बैठकीच्या कागदपत्रांना जोडू लागलो. तो कागद तिने केला. तिच्या मुख्य प्रकल्पापेक्षा तोच जास्त टिकला आहे.

प्रकल्पांबद्दल कडू वाटले तरी खरे बोलायला हवे. त्याच वर्षी जुन्या फायली आवरताना मला आधीच्या चार फेलोंचे अहवाल सापडले. त्यांतले तीन एकाच विषयावर होते: देणगीदारांची यादी नीट ठेवणे. तिघांनी वेगवेगळ्या रंगांत जवळजवळ तीच शिफारस केलेली. पहिला अहवाल कोणी वाचला नाही म्हणून दुसरीला तेच काम दिले, दुसरीचा वाचला नाही म्हणून तिसऱ्याला. तीन तरुण माणसांच्या तीन वर्षांच्या संध्याकाळी आम्ही वाया घालवल्या. फेलो नऊ महिन्यांत निघून जातो म्हणून या प्रथेला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. विद्यार्थ्याला नोकरीच्या अर्जात लिहायला एक ओळ मिळते आणि संस्थेला एक गुळगुळीत फाईल, असे ते म्हणतात. काही ठिकाणी तसे होतही असेल. पण आमच्याकडे दोष येणाऱ्याचा नव्हता, बसून राहणाऱ्यांचा होता.

मत नसण्याचाही एक उपयोग आहे, आणि तो मला हळूहळू कळला. ज्याला मत असते तो चर्चेच्या मध्यावरच मनाने हात वर करून मोकळा होतो. मग उरलेला वेळ आपली बाजू सावरण्यात जातो. फेलोला जिंकायचे काहीच नसते, त्यामुळे त्याला विचारता येते. "हा नियम कधी केला?" "हा आकडा मागच्या वेळी वेगळा होता ना?" असे प्रश्न नवा विश्वस्त पहिली दोन वर्षे संकोचाने विचारत नाही आणि त्यानंतर विचारण्याची वेळ गेली म्हणून विचारत नाही. कार्यकारी संचालकांच्या पगाराचा विषय निघाला की मंडळ बंद दाराआड बसते आणि फेलोला बाहेर जायला सांगतात. त्या मुलीने मला एकदा सांगितले की बाहेरच्या बाकावर बसून तिला पहिल्यांदा कळले, आत चाललेली गोष्ट कुतूहलाची नाही, कोणाच्या तरी पोटाची आहे.

मात्र एका बाबतीत माझे मन अजून निवलेले नाही. इथल्या बऱ्याच मंडळांत विश्वस्ताने दर वर्षी स्वतः ठराविक रक्कम द्यावी किंवा ओळखीच्यांकडून आणावी, असा दंडक असतो. त्यामुळे टेबलाभोवती सुखवस्तू आणि पन्नाशीपुढची माणसे जमतात. फेलोला तो दंडक लागू नसतो, म्हणून निदान एक तरुण, कर्जाने शिकणारे माणूस आत येते. हे चांगलेच. पण नामवंत विद्यालयातला विद्यार्थी आत आला म्हणजे शिधा घ्यायला येणारी बाई आत आली असे होत नाही. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांना इथे कायद्याचीच अट आहे: मंडळातले किमान ५१ टक्के सदस्य त्या केंद्रात उपचार घेणारे रुग्ण हवेत. आम्हाला अशी सक्ती नाही. आम्ही मागच्या वर्षी आमच्याकडून शिधा घेणाऱ्या दोघींना मंडळावर घेतले, पूर्ण मतासह, देणगीची अट काढून. दहा वर्षे आधी घ्यायला हवे होते. आता फेलोची खुर्ची मुद्दाम त्यांच्या शेजारी ठेवतो.

हे सगळे पाहताना मला सतत माझ्या गावचे वाचनालय आठवते. वडील तिथे कार्यवाह होते. इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय हा क्रम मला लहानपणापासून पाठ आहे. मत नसलेली खुर्ची आपल्याकडेही असते आणि तिला नाव आहे 'कायम निमंत्रित'. फरक एवढाच, की आपल्याकडे ती जाणाऱ्याला देतात. पंचवीस वर्षे पद भूषवलेल्या माणसाला पद सोडवत नाही, त्याला दुखवायचे नाही, म्हणून कायम निमंत्रित. येणाऱ्याला ती खुर्ची कोणी देत नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा, असे आपल्या कायद्यात आहे. त्या वाचनालयाच्या विश्वस्तांच्या नोंदीचा उतारा मी अलीकडे पाहिला, तेव्हा त्यातली तीन नावे निवर्तलेल्या माणसांची होती. कार्यकारिणीत चाळिशीच्या आतले कोणी नव्हते. "तरुण येत नाहीत हो," असे मला सांगण्यात आले. इथल्या महाराष्ट्र मंडळांतही मी हेच वाक्य ऐकते, फक्त थोड्या इंग्रजीत. गणपतीच्या कार्यक्रमात ढोल वाजवायला, खुर्च्या मांडायला मुलांना बोलावतो, अंदाजपत्रकाच्या बैठकीला बोलावत नाही, आणि मग ती तिशीला आल्यावर 'यांना मंडळाचे काही नाही' म्हणतो.

हे आपल्याला नवे नाही, हे तर जास्तच टोचते. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन १८८७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे आले. ते तेव्हा एकवीस वर्षांचे होते. १८९० मध्ये ते सभेचे चिटणीस झाले. पाठीशी न्यायमूर्ती रानडे होते. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, निवेदनाचा मसुदा करायचा, रानड्यांच्या नजरेखालून तो जायचा. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या गोखल्यांची तालीम ही अशी झाली होती. त्यांनी ती आपल्यापुरती ठेवली नाही. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सदस्याने पाच वर्षे शिक्षण घ्यावे, असा नियमच घातला. ज्याला कोणी शिकवले त्याला शिकवण्याची गरज कळते. आपल्या संस्थांत आज अध्यक्षांच्या शेजारी बसून मसुदा करणारा एकवीस वर्षांचा मुलगा कुठे आहे? पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत समाजकार्याची, वाणिज्याची, व्यवस्थापनाची विद्यालये आहेत आणि हाकेच्या अंतरावर शंभर वर्षांच्या संस्था आहेत. घटना बदलावी लागत नाही. निमंत्रिताची एक खुर्ची आणि निघून जाण्याची एक तारीख, एवढेच लागते.

ती तारीख मला या व्यवस्थेत सगळ्यात मोलाची वाटते. फेलोला पहिल्या दिवशी माहीत असते की मे महिन्यात आपण जाणार. म्हणून तो कागद असे ठेवतो की पुढच्याला सापडावेत. माझा खजिनदारकीचा काळ संपण्याची तारीख मी गेल्या वर्षी इतिवृत्तात नोंदवून घेतली, आणि त्या दिवसापासून माझ्या नोंदी सुवाच्य झाल्या आहेत.

ती आकड्यांची मुलगी आता शिकागोत नोकरी करते. यंदाच्या उन्हाळ्यात तिला तिथल्या एका मुलांच्या वसतिगृहाच्या मंडळावर घेतले, या वेळी मतासह. पहिल्या बैठकीच्या रात्री तिने मला फोन केला. सगळे फार प्रेमाने वागले, म्हणाली, ओळखी झाल्या, केक कापला. मग तिने विचारले होते, "गुंतवणूक समितीची शेवटची बैठक कधी झाली?" खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. चिटणिसांनी वही काढली आणि मागची पाने उलटायला सुरुवात केली.