छापील शब्दाचं प्रमाण

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वडिलांची फियाट अकराशे डी पुन्हा उभी करताना माझी गाठ रोज या चौथ्याशी पडते. छापलंय म्हणून ते खरं का धरायचं?

इटलीतल्या अकराशे डीचं वर्कशॉप मॅन्युअल घ्या. इंजिन १२२१ सीसी, सिलिंडरचा बोअर ७२ मिलिमीटर. पण कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेल्या अकराशे डीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८. स्ट्रोक दोन्हींचा ७५च. नाव एक, रूप जवळपास एक, आणि पिस्टनमध्ये चार मिलिमीटरचा फरक! पुस्तक खोटं बोलत नाही, दुसऱ्या गाडीबद्दल खरं बोलतं. म्हणून लिहिणाऱ्यासमोर नेमकी कोणती गाडी होती, हे मी आधी बघतो. चकचकीत फोटोंची जाडजूड पुस्तकं बहुतेक इथेच गळतात.

शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणलेला आणि ती जशी आहे तशी सांगू पाहणारा. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. मला हे फार मोलाचं वाटतं. मग मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींची इंजिनं जन्मभर खोललेल्या मेस्त्रीचा शब्दही छापील पानाच्या तोडीचा ठरतो. अर्थात, बोअर गेज त्याच्याही शब्दाला लावायचं. पुस्तकांत मात्र मी पार्ट्स कॅटलॉगला पहिला मान देतो: कुठला वॉशर कशाच्या आधी बसतो ते आकृतीत दिसतं, आणि लेखकाचं मत मध्ये येत नाही.