हरलेल्याची दाद

नोव्हेंबरात रशियन क्रांतीचा विषय निघाला की मला लेनिनच्या आधी बांकाबाई आठवतात.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. वारस नाही म्हणत कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने नागपूरचं राज्य खालसा केलं. ना लढाई, ना वेढा. कलकत्त्याहून हुकूम आला आणि राज्य बुडालं. मग नागपूरच्या महाल भागातल्या राजवाड्यातलं सामान बाहेर निघू लागलं. हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले, दागदागिने कलकत्त्याच्या बाजारात पोचले. सामान हलवलंत तर वाडा पेटवून देईन, असं घरातल्या वृद्ध राणीने बजावल्याचं जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलंय. ती वृद्ध राणी म्हणजे बांकाबाई. सामान गेलंच. राण्यांनी अर्जविनंत्या केल्या, पण ज्याने राज्य घेतलं त्याच्याच दारात दाद मागायची, तर निकाल काय लागणार?

भोसल्यांच्या कारभारात रयत सुखात होती, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिकडे रशियातली झारशाही तर जायलाच हवी होती. १८६१ मध्ये भूदासांना मोकळं केलं, पण जमिनीची किंमत त्यांच्याकडूनच हप्त्याहप्त्याने वसूल केली. हे हप्ते १९०७ पर्यंत चालले. पहिल्या महायुद्धात याच घरांतली पोरं मेली, पेत्रोग्रादमध्ये पावासाठी रांगा लागल्या आणि मार्च १९१७ मध्ये झार निकोलस पायउतार झाला. नोव्हेंबरात सत्ता घेताच लेनिनच्या बोल्शेविकांनी जमीनदारांची मालकी विनामोबदला रद्द केली. त्या दिवशी रशियन शेतकऱ्याला झालेला आनंद खरा होता. तो आपण इथे बसून मोडीत काढू नये.

पण दोनच महिन्यांनी, जानेवारी १९१८ मध्ये, लोकांनी निवडून दिलेली संविधान सभा एका बैठकीत गुंडाळली गेली. बोल्शेविकांना तिथे बहुमत नव्हतं, एवढंच कारण. जुलैत येकातेरिनबुर्गमधल्या एका घराच्या तळघरात झार, झारीना, चार मुली आणि आजारी मुलगा यांना गोळ्या घातल्या. त्यांच्यासोबत डॉक्टर, स्वयंपाकी, मोलकरीण आणि नोकरही मारले गेले. खटला नाही, आरोपपत्र नाही. झाराची कणव कुणाला येवो न येवो, स्वयंपाक्याचा गुन्हा काय होता?

हिवाळी राजवाड्यातल्या हर्मिटेज संग्रहालयातली चित्रंही पुढे विकली गेली. १९३०-३१ मध्ये अँड्र्यू मेलन या अमेरिकन कोट्यधीशाने त्यांतली २१ घेतली. कंपनी सरकार काय आणि कामगारांचं सरकार काय, वाड्यातला माल बाजारात काढताना दोघांचेही हात थरथरले नाहीत. शेतकऱ्याला दिलेली जमीन तोवर सामूहिक शेतीत परत ओढली जात होती. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली आणि त्यांना तक्रार करायला जागा नव्हती. जमीनदारासाठी जे दार बंद केलं, ते कुळासाठीही बंदच राहिलं. देशात फिरायला लागणारा पासपोर्ट सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्याला हक्काने मिळायला १९७४ उजाडावं लागलं.

आता पुन्हा नागपूर. इंग्रजांनी इथे सारा वसूल करणाऱ्यांना मालकी देऊन मालगुजार केलं. महालातल्या चिटणवीसांसारखी घराणी मोठी मालगुजार होती. स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५० मध्ये ही मालकी संपवणारा कायदा झाला आणि १९५१ मध्ये तो लागू झाला. हाही सत्तापालटच, नुसता बिनरक्ताचा. मालगुजारांना भरपाई मिळाली, घरची शेतीही त्यांच्याकडे राहिली. कुळाच्या पदरात पडलं ते उशिरा आणि तुटपुंजं, ही टीका मला मान्य आहे. अशा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढणं श्रीमंतालाच परवडतं, हेही खरं. तरीही येकातेरिनबुर्गच्या तळघरापेक्षा मला ही रखडपट्टी पत्करते, कारण चुकलेला कायदा पुढच्या विधानसभेत दुरुस्त करता येतो. गोळी घातलेल्या मोलकरणीच्या बाबतीत कसली दुरुस्ती करणार?

मालकी संपवणाऱ्या त्या कायद्याविरुद्ध अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलांनी युक्तिवाद केला, न्यायाधीशांनी तो ऐकला आणि १९५२ मध्ये ते हरले. कायदा टिकला, जमीनदारी गेली. हेच विश्वेश्वरराव १९७७ मध्ये चंद्रपूरमधून लोकसभेवर निवडून गेले.