निर्बंधाचे ऋण

मनुष्याच्या नित्याच्या व्यवहारात दोन कर्तव्ये सहसा एकमेकांच्या आड येत नाहीत. आपल्या कुटुंबाचे पोट भरणे हे एक, आणि शेजाऱ्यास अपाय न करणे हे दुसरे. जो सकाळी उठून मजुरीस जातो, तो पहिले कर्तव्य पार पाडीत असता दुसऱ्याचा भंग करीत नाही. किंबहुना दोन्ही कर्तव्ये एकाच वाटेने चालतात म्हणूनच समाज टिकतो. साथीच्या काळी मात्र ही वाट दुभंगते. कालपर्यंत जी उद्योगशीलता होती ती आज बेजबाबदारपणा ठरते. आजाऱ्यास भेटणे ही माणुसकी होती, ती आता अपराध होते. आणि प्रेतास खांदा देण्यास पुढे झालेल्या सोयऱ्यास मागे हटविण्याचे काम शिपायास करावे लागते. अशा वेळी सरकारने लोकांवर किती निर्बंध घालावेत, आणि लोकांनी ते कोणत्या भावनेने पाळावेत, हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. तो नीतीचा होतो. २०२० व २०२१ या सालांतील करोनाच्या साथीने तो आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावर आणून ठेविला होता. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. प्रश्न मात्र पुरता विचार न होताच मागे पडला. पुढील साथ येण्यापूर्वी, मन शांत असता, त्याचा विचार करणे बरे, असे आम्हांस वाटते.

हा विचार शहरात बसून केल्यास तो एकांगी होण्याची भीती असते. म्हणून आपण क्षणभर भंडारा जिल्ह्यातील बपेरा या गावी जाऊ. तुमसर तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या सीमेवर आहे. पलीकडे मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा. ही सीमा नकाशावर ठळक दिसत असली तरी ती लोकांच्या मनात तेवढी ठळक नाही, आणि त्यास कारण आहे. १८६७ साली बालाघाट जिल्हा बनविला गेला तेव्हा मंडला व शिवनी यांच्याबरोबर भंडाऱ्याचाही काही मुलूख त्यात घातला गेला. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात नांदत होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरास राज्यपुनर्रचना झाली, आणि जी जिल्ह्याची हद्द होती ती राज्याची सीमा बनली. अर्थात ही सीमा अलीकडच्या एका आयुष्याइतकी जुनी. अलीकडची-पलीकडची सोयरीक तिच्याहून पुष्कळ जुनी. पोवार, गोंड इत्यादी समाज दोन्ही अंगांस पसरलेले आहेत. ज्याची लेक पलीकडे दिलेली आहे आणि ज्याची सून पलीकडून आलेली आहे, त्याला आपण परराज्यात जातो असे कधी वाटतच नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि चार दिवसांनी, मजुरांची ये-जा थांबविण्यासाठी राज्यांच्या सीमा पक्क्या बंद कराव्यात, असे केंद्र सरकारने फर्माविले. जी केवळ रेषा होती तिची भिंत झाली. त्यातून तो महिना चैत्राचा! झाडीपट्टीत हे मोह वेचण्याचे दिवस. मोहाचे फूल पहाटे गळते. ते त्या दिवशी वेचून वाळविले नाही तर मातीस मिळते. फुलाला सरकारी हुकूम कळत नाही. त्यामागून तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि ज्यांना पाण्याची सोय आहे त्यांच्या बांधीत उन्हाळी धान. वनोपज गोळा करण्यास एप्रिलमध्ये सूट मिळाली हे खरे. पण मोहाचा निम्मा बहर तोवर उलटून गेला होता. आता अशी कल्पना करावी की बपेऱ्यात एक म्हातारा वारला आणि त्याची लेक पलीकडच्या गावी आहे. बापाचे शेवटचे मुख पाहण्यास ती निघाली तर तिला कोणत्या शब्दांनी अडवावे? जो शिपाई अडवील तो दुष्ट नव्हे. जी अडली तीही अपराधी नव्हे. दोघेही आपापले कर्तव्य करीत आहेत. आणि तरीही येथे काहीतरी अन्याय घडत आहे, असे आपले अंतःकरण आपल्याला सांगते. तो अन्याय नेमका कोठे आहे, हेच शोधावयाचे आहे.

व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी या प्रसंगी जॉन स्टुअर्ट मिल याचा आधार घेतात. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात त्याने असा सिद्धांत मांडिला की, दुसऱ्यास होणारा अपाय टाळणे या एकाच हेतूने समाजास व्यक्तीच्या वर्तनात हात घालता येतो. तिचे स्वतःचे कल्याण हे त्यास पुरेसे कारण नव्हे. परंतु साथीच्या काळी हा आधार उलट बाजूस जातो. केवळ स्वतःपुरते आणि दुसऱ्याशी संबंध असलेले, असे वर्तनाचे जे दोन भाग मिलने पाडिले, त्यांच्यामधली भिंतच या रोगाने पाडून टाकिली. जेथे नुसता श्वास घेणे हेही दुसऱ्यास घातक होऊ शकते, आणि तेही श्वास घेणाऱ्यास आपण आजारी आहो हे ठाऊक नसता, तेथे निव्वळ स्वतःपुरते असे उरते तरी काय? तेव्हा साथीत निर्बंध घालण्याचा समाजास अधिकार आहे, हे आम्ही निःसंकोच कबूल करितो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूच्या टाक्यांसाठी धावणारे आप्त ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हा अधिकार युक्तिवादाने पटवून देण्याची आवश्यकता नाही.

पण अधिकार सिद्ध झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे समजणे हीच ती चूक होय. सावकाराचा वसुलीचा अधिकार सिद्ध होतो तो त्याने आधी काही दिले असते म्हणून. निर्बंधात समाज व्यक्तीकडून काही घेतो. मग त्याच्या अंगावर काही देणे चढते की नाही? निर्बंध सर्वांस सारखा असतो, त्याचा भार मात्र सारखा नसतो. ‘घरीच राहा’ या दोन शब्दांत घर आहे, घरात जागा आहे आणि डब्यात धान्य आहे, इतक्या गोष्टी गृहीत धरिलेल्या आहेत. ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेस येत होता त्याला हे शब्द म्हणजे सक्तीची विश्रांती. ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हातावर पडत होती त्याला तेच शब्द उपासाची नोटीस. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून निघाले होते, आणि मध्यप्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळकडे पायी चालले होते. रेल्वेगाड्या बंद आहेत, या समजुतीने ते रुळांवर निजले. त्यांना रोगाने मारिले नाही. आणि निर्बंध घालणाऱ्याच्या मनातही त्यांना मारण्याचा हेतू नव्हता. तथापि समाजाचे प्राण वाचविण्याच्या खर्चात त्यांचे प्राण गेले, हे नाकबूल कसे करावे?

यावर असा आक्षेप येईल की, आग लागली असता घरमालकाच्या सामानाची यादी करीत बसणारा बंब काय कामाचा? साथीत विलंब म्हणजे मृत्यू. अधिकाऱ्यापाशी तराजू घेऊन बसण्यास वेळ नसतो, आणि रोग नवा असल्याने ज्ञानही नसते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पहिल्या पंधरवड्यापुरता तो पूर्णपणे खरा आहे. परंतु आग विझल्यानंतर जळालेल्या व भिजलेल्या सामानाची यादी करण्यास कोणाची हरकत असावी? घाई ही हिशेब पुढे ढकलण्याची सबब होऊ शकते. हिशेब बुडविण्याची नव्हे.

आणि हा हिशेब बुडविण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी लागू करण्यात आला. अवघ्या चार कलमांचा हा मूळ कायदा मननीय आहे. एका कलमात त्याचे नाव व व्याप्ती. दुसऱ्यात सरकारास हवे ते नियम करण्याचा अधिकार. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्यास शिक्षा. चौथ्यात सद्हेतूने काम करणाऱ्यास दाव्यापासून संरक्षण. सरकारने घ्यावयाचे काय ते सारे यात आहे. द्यावयाचे काय, याचा उल्लेख शोधू गेल्यास दुसऱ्या कलमात एवढेच सापडते की, होणारा खर्च कोणी व कसा सोसावा हे सरकार ठरवील, आणि त्या खर्चात नुकसानभरपाईही, असल्यास, धरावी. ‘असल्यास’! या एका लहानशा शब्दात त्या कायद्याची सारी नीती साठविलेली आहे. १८९७ च्या वसंतात पुण्यात गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या झाल्या. माजघरे व देवघरे तुडविली गेली. माणसे विलगीकरणाच्या छावणीत नेली गेली. रोग्यास वेगळे ठेवण्याचे तत्त्व वैद्यकदृष्ट्या चूक नव्हते. पण ज्यांच्याकडून एवढे घेतले त्यांना काही देणे लागतो, ही जाणीवच त्या कारभारात नव्हती; आणि २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर ज्या गोळ्या झाडल्या गेल्या त्यांची दारू त्या अभावाने भरली होती. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी वारल्या. रोग्यास घरातून उचलून न्यावे लागते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच. पण एका ठिकाणी उचलणारा हात काही देणे लागत नव्हता, आणि दुसऱ्या ठिकाणी उचलणाऱ्याने आपला प्राणच दिला.

आता २०२० च्या कारभाराबद्दल न्यायाने बोलावयाचे तर, हे ऋण मुळीच ओळखले गेले नाही असे म्हणता येणार नाही. एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना झाली. महाराष्ट्रात शिवभोजनाची थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आली. हे योग्यच झाले. परंतु ते उपकार म्हणून सांगितले गेले, देणे म्हणून नव्हे. आणि या दोहोंत महदंतर आहे. उपकार करणारा तो केव्हाही थांबवू शकतो. देणेकऱ्यास ती मुभा नाही. निर्बंध कोणत्या क्रमाने उठले हे पाहिले म्हणजे कोणाचे देणे आम्ही मोठे मानिले ते कळते. मे २०२० च्या प्रारंभी दारूची दुकाने उघडण्यास परवानगी मिळाली. खेड्यांतील पहिली ते चौथीच्या मुलांच्या शाळांची दारे उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. दारूवरील कराची राज्यास निकड होती, हे मान्य. परंतु सात वर्षांच्या मुलाचे जे दीड वर्ष बुडाले त्याला वाचा नव्हती, म्हणून त्याची निकड कोणास ऐकू आली नाही. जो मागू शकत नाही त्याचे ऋण सर्वांत शेवटी फिटते, किंवा फिटतच नाही.

येथवर सरकारच्या देण्याविषयी झाले. प्रजेचेही देणे असते, आणि ते सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होणार नाही. ताप लपवून लग्नास जाणारा, पन्नासांची मर्यादा असता पाचशे पाने वाढणारा, आपण निरोगी आहो म्हणून तोंडावरील फडके हनुवटीखाली ओढणारा, हे सर्व दुसऱ्याच्या निर्बंधपालनावर फुकट जगत होते. दिवस बुडवून घरी बसलेल्या मजुराने जी सुरक्षितता विकत घेतली ती यांनी चोरली. निर्बंध मोडणे हे नेहमी सरकारविरुद्धचे धाडस नसते; पुष्कळदा ती गरिबाच्या खिशातील चोरी असते.

उलट, मागणारा व देणारा दोघेही आपले देणे ओळखतील तर काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. शतकानुशतके पायी चालणारी आषाढीची वारी २०२० साली पायी निघाली नाही. ३० जून रोजी संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी.च्या गाड्यांतून पंढरीस नेण्यात आल्या. वारकऱ्यास वारी चुकणे म्हणजे काय, हे येथे सांगावयास नको. तरीही लाखो माणसे घरी थांबली. का थांबली? कारण त्यांना विचारले गेले. कारण सांगितले गेले. आणि सर्वस्व न हिरावता परंपरेचा धागा, बारीक का होईना, अखंड राखला गेला. जे घेतले ते मोठे होते, पण ते मोठे आहे हे घेणाऱ्याने ओळखले होते. मजुराची रोजी आणि लेकीचे माहेर ही वारीइतकीच मोठी आहेत, हे जर त्याच रीतीने ओळखले गेले असते, तर करमाडचे रूळ त्या पहाटे रिकामे राहिले असते.

तेव्हा आरोग्य श्रेष्ठ की संसार श्रेष्ठ, असा जो वाद घातला जातो तो आमच्या मते चुकीचा मांडलेला वाद आहे. संसार चालावा म्हणूनच आरोग्य राखावयाचे. खरा प्रश्न असा की, सर्वांच्या आरोग्याची किंमत कोणी द्यावयाची. ज्याने ती अधिक दिली त्याला ती परत मिळाली पाहिजे. निर्बंधास मुदत हवी, त्याचे कारण लोकांच्या भाषेत सांगितलेले हवे, आणि सीमेवर नाका उभारतानाच, अंत्यविधीस जाणाऱ्यास व रोजी बुडालेल्यास कोणती वाट ठेविली आहे, हे त्याच हुकुमात लिहिलेले हवे. ‘असल्यास’ हा शब्द त्या कायद्यातून आणि त्याआधी आपल्या मनातून गेला पाहिजे.

बपेऱ्याची वाट आज मोकळी आहे. अलीकडचे पलीकडे आणि पलीकडचे अलीकडे पूर्ववत जातात-येतात. पण त्या चैत्रात न वेचलेला मोह मातीस मिळाला तो मिळालाच. आणि ज्या कोणा लेकीला बापाचे मुख पाहता आले नाही तिला ते आता कोण दाखविणार? अशी काही देणी फिटत नाहीत. ती वहीत लिहून ठेवणे एवढेच हाती असते. निदान तेवढे तरी आपण करू या, म्हणजे पुढच्या वेळी नाक्यावरचा हुकूम लिहिणाऱ्याच्या हाती ती वही असेल.