घाई कुणाची?

"लोभ सुटला की माणूस फसतोच." एका लग्नाच्या पंगतीत हे वाक्य कानावर पडलं. विषय निघाला होता ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा. त्यांनी मोबाइलवरची जाहिरात पाहून 999 रुपयांत पैठणी मागवली आणि पार्सलमधून निघाली छापील नक्षीची पॉलिएस्टर साडी. बोलणाऱ्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून टोचतं आहे.

ओटीपी सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, फार स्वस्त दिसलं तर थांबावं, हे बँकेच्या मेसेजपासून फोनच्या कॉलर ट्यूनपर्यंत सगळीकडून ऐकून झालं आहे. सगळं खरं आहे. तरी माणसं फसतात. का, याचं उत्तर शोधताना मी लोभ आणि घाई यांत फरक करते. लोभ माणसाच्या आत असतो. घाई त्याला बाहेरून लावली जाते.

आपलेच पैसे परत मागणाऱ्या बाईला कसला आला आहे लोभ? साडी खराब निघाली म्हणून ती कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधते. समोर येतो तो नंबर भामट्यानेच टाकलेला असतो. तो अदबीने बोलतो, रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड पाठवतो, पिन टाकायला सांगतो आणि वर म्हणतो, "मॅडम, लवकर करा, दोन मिनिटांत रिक्वेस्ट एक्स्पायर होईल." यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे तिला बहुधा ठाऊकही असतं. पण ठाऊक असलेलं आठवायला जी सवड लागते, तीच त्या दोन मिनिटांनी हिरावून घेतलेली असते. 'पत्ता अपुरा आहे, आजच पाच रुपये भरा, नाहीतर पार्सल परत जाईल' या मेसेजचंही तेच. पाच रुपये भरणारा लोभाने भरत नाही. त्या पाच रुपयांच्या मिषाने त्याच्या कार्डाचे तपशील मात्र चोराकडे जातात.

पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागणाऱ्यांबद्दल त्या गृहस्थांचं म्हणणं मी मान्य करीन. खरेदीत फसलेल्यांना ते लागू पडत नाही. शिवाय ते नुसतं चुकीचं नाही, घातकही आहे. फसलेल्या माणसाला आधी लाज वाटते, मग तो गप्प बसतो, आणि हा गप्प राहिलेला वेळ चोराला हवाच असतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातही म्हटलं आहे की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे बोलण्याला मोल आहे. पंगतीतल्या त्या वाक्याने बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं.

मग खऱ्याखोट्याच्या खुणा शिकवाव्यात का? त्या खुणा जुन्या होतात, ही अडचण आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं कुणी चोरून ऐकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज पाहून 2023 मध्ये क्रोमने कुलपाचं ते चिन्हच बदललं.

आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांची साडीखरेदी आठवून पाहा. दुकानदार गादीवर घडीमागून घडी उलगडत जाई. आवडलेली साडी दाराशी नेऊन उन्हात रंग पाहायचा, पैठणी असेल तर पदर उलटा करून बघायचा. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, हे त्यांना बोटांनीच कळे. आणि एवढं करून, "जरा फिरून येतो," म्हणून त्या उठत. दुकानदार रागावत नसे. चार दुकानं फिरणं, घरी जाऊन विचार करणं, नको म्हणणं हा गिऱ्हाइकाचा हक्क होता, आणि त्या बायकांचं सगळं शहाणपण त्या सवडीत होतं.

ती सवड चोराने नेली का? नाही. ती आधी प्रतिष्ठित दुकानांनी नेली. उलटं मोजणारं घड्याळ, 'फक्त दोन शिल्लक', खोडलेली मोठी किंमत आणि शेजारी सत्तर टक्के सूट, हे नामांकित साइटवर रोज दिसतं. मग 999 रुपयांची पैठणी अशक्य वाटावी तरी कशी? नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी आणली. त्या यादीतला पहिलाच प्रकार आहे खोटी निकड. चोराने नवं काहीच शोधलेलं नाही. बाजाराने आपल्या बोटांना जी सवय लावली, तिचा तो फायदा उठवतो.

लिहायला बसले तेव्हा गिऱ्हाइकाचा दोष नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. आता तेवढ्यावर थांबता येत नाही. घाई बाहेरून लावली जाते खरी, पण ती नाकारायची आपल्यालाच आहे. ज्या साइटवर पूर्ण विश्वास आहे, तिथेही घड्याळ दाखवून केलेली विक्री सोडून द्यावी. वस्तू एक रात्र कार्टमध्ये राहू द्यावी. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी शोधावा; 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते दाखवणं साइटवर बंधनकारक आहे. तेवढ्यात सूट संपली तर संपू द्यावी. खऱ्या दुकानाच्या घाईला नाही म्हणायची सवय असेल, तरच खोट्याला नाही म्हणता येईल. फक्त चोरासाठी राखून ठेवलेला सावधपणा ऐन वेळी हाताशी येत नाही.